दुर्मीळ ब्रिटिश जॅझ रेकॉर्ड: पारखायची कशी, वाजवायची कशी, वाटायची कशी

१९६९ साली लंडनच्या लॅन्सडाउन स्टुडिओत एक एलपी, म्हणजे मोठी विनाइल तबकडी, मुद्रित झाली. ऑल्टो सॅक्सोफोनवर जमैकाहून आलेला जो हॅरियट, गिटारवर मुंबईत जन्मलेला गोवेकर अमान्सिओ डिसिल्वा, गायला नॉर्मा विन्स्टन, ट्रम्पेटला इयन कार, बासला डेव्ह ग्रीन, ड्रम्सला ब्रायन स्प्रिंग. एलपीचं नाव 'हम दोनो'. तिच्यातल्या एका रचनेचं नाव 'बॅलड फॉर गोवा'. कोलंबिया लेबलवर निघाली, थोडकी खपली आणि कंपनीच्या यादीतून गेली. आज चांगल्या अवस्थेतली मूळ प्रत चार आकडी पौंडांना जाते.

एवढे पैसे मोजणारा नेमकं काय विकत घेतो? नुसतं संगीत नव्हे. तो घेतो एक ठरावीक वस्तू: त्या वर्षी, त्या कारखान्यात, त्या साच्यातून निघालेली. ती खरी आहे का, किती झिजली आहे, आणि तिच्यातला आवाज न बिघडवता दुसऱ्याच्या कानापर्यंत कसा पोचवायचा, या तीन प्रश्नांची उत्तरं देता आली की या छंदातलं निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं खिशावर आणि नशिबावर.

प्रती इतक्या कमी का?

ब्रिटनमध्ये जॅझला कान नव्हते असं मुळीच नाही. १९३३ साली लंडनमध्ये पहिला 'ऱ्हिदम क्लब' सुरू झाला आणि पाहता पाहता गावोगावी तसे क्लब निघाले. तिथे लोक जमायचे ते बहुतेक वेळा रेकॉर्डी ऐकायला. एक जण रेकॉर्डी घेऊन यायचा, त्यांच्याविषयी बोलायचा, बाकीचे ऐकायचे. १९३५ नंतर वीसएक वर्षं अमेरिकी बँडना ब्रिटनमध्ये वाजवायची परवानगी जवळजवळ मिळतच नसे, त्यामुळे तिथल्या वादकांची शाळा म्हणजे तबकडीच. रेकॉर्ड मिळवणं आणि चारचौघांत वाजवणं हे तिथल्या जॅझच्या मुळाशीच आहे.

छापणारे मात्र हात राखून छापत. १९४७ साली कार्लो क्रेमर आणि पीटर न्यूब्रुक यांनी काढलेली एस्क्वायर, पुढे डेक्का या बड्या रेकॉर्ड कंपनीच्या छत्राखालची टेम्पो, ही छोटी लेबलं. सॅक्सोफोनवादक टबी हेजच्या टेम्पोवरच्या एलपी आज सोन्याच्या भावाने जातात, कारण तेव्हा त्या मोजक्याच निघाल्या. साठच्या दशकात डेनिस प्रेस्टन या निर्मात्याने वेगळी वाट काढली: स्वतःच्या लॅन्सडाउन स्टुडिओत मुद्रण करायचं आणि टेप ईएमआय या रेकॉर्ड कंपनीला द्यायची; ईएमआय ती कोलंबिया लेबलवर काढणार. स्टॅन ट्रेसीची 'अंडर मिल्क वुड' (१९६५), डॉन रेन्डेल आणि इयन कार यांच्या पंचकाच्या 'शेड्स ऑफ ब्लू' (१९६५) आणि 'डस्क फायर' (१९६६), माइक टेलरची 'पेंड्युलम', हे सगळं याच वाटेने आलं. जो हॅरियट आणि कलकत्त्यात जन्मलेले संगीतकार जॉन मेयर यांची 'इंडो-जॅझ स्वीट'ही त्यातलीच. तिच्यावर तबला आहे मुंबईहून लंडनला गेलेल्या केशव साठे यांचा. पण १९६३ नंतर दुकानातली फळी बीटल्स आणि त्यांच्यासारख्यांनी व्यापली होती. जॅझची एलपी काहीशे प्रतींवर आटपायची.

त्याहून कमी प्रतींचा प्रकार म्हणजे खासगी छपाई. ब्रिटनमध्ये १९४० ते १९७३ पर्यंत 'पर्चेस टॅक्स' होता आणि शंभरच्या आतली छपाई त्यातून सुटायची. म्हणून कित्येक खासगी रेकॉर्डी बरोबर ९९ प्रतींच्या आहेत. मायकेल गॅरिकच्या त्रिकुटाची १९६४ ची 'मूनस्केप' ही दहा इंची तबकडी अशीच ९९ प्रतींची. कुणी "शंभर प्रतींची मर्यादित आवृत्ती, १९६४" असं म्हणून खासगी ब्रिटिश रेकॉर्ड विकत असेल तर पहिली शंका तिथेच घ्यावी.

लेबलाभोवतीची कोरी पट्टी

गाण्याच्या खाचा संपतात आणि कागदी लेबल सुरू होतं, त्यांच्या मधली गुळगुळीत पट्टी म्हणजे तबकडीचा जन्मदाखला. लेबल पुन्हा छापता येतं, कव्हर बदलता येतं, पण हे आकडे साच्यातूनच उमटलेले असतात. टेबललॅम्प तिरका धरून, तबकडी हळूहळू फिरवत वाचायचे.

आधी साचा बनतो कसा ते पाहू. टेपवरून लॅकर लावलेल्या चकतीवर खाचा कोरतात. तिच्यावर धातूचा थर चढवून सोडवला की उलटा ठसा मिळतो, तो 'फादर'. त्यावरून सुलटी 'मदर', आणि मदरवरून पुन्हा उलटा 'स्टॅम्पर'. प्रेसमध्ये बसतो तो स्टॅम्पर. तो काहीशे ते हजारभर तबकड्यांनंतर थकतो, मग मदरवरून नवा काढतात.

ईएमआयच्या हेज गावच्या कारखान्यात याची नोंद फार नीटनेटकी असायची. तबकडी अशी धरा की मुख्य मॅट्रिक्स नंबर, म्हणजे त्या बाजूच्या कोरीवकामाचा नंबर, आपल्याकडे, घड्याळातल्या सहाच्या जागी येईल. कोलंबियाच्या मोनो एलपीला तो 'एक्सएएक्स'ने सुरू होतो, स्टिरिओला 'वायएएक्स'ने. शेवटच्या डॅशनंतरचा आकडा सांगतो की हे कितवं कोरीवकाम: १ म्हणजे पहिलं. आता नऊच्या जागी पाहा, तिथे एक बारीक आकडा असतो, तो मदरचा क्रमांक. तीनच्या जागी एक किंवा अधिक अक्षरं असतात, तो स्टॅम्परचा क्रमांक. अक्षरांची किल्ली 'ग्रामोफोन लिमिटेड' या नावातून घेतली आहे: जी १, आर २, ए ३, एम ४, ओ ५, पी ६, एच ७, एल ८, टी ९, डी ०. म्हणजे 'जीआर' दिसलं की बारावा स्टॅम्पर. डेक्काची किल्ली 'बकिंगहॅम' या शब्दाची: बी १, यू २, सी ३, के ४, आय ५, एन ६, जी ७, एच ८, ए ९, एम ०. डेक्काच्या मॅट्रिक्सच्या शेवटी आणखी एक अक्षर असतं, ते खाचा कोरणाऱ्या तंत्रज्ञाचं.

इथे एक गैरसमज बोकाळलेला दिसतो. बीटल्सच्या रेकॉर्डी गोळा करणारे खालच्या आकड्याच्या स्टॅम्परला जादा पैसे देतात, कारण तिथे अक्षरं दोन-तीनवर जातात आणि सुरुवातीची प्रत वेगळी काढता येते. जॅझच्या एलपीवर बहुधा 'जी' नाही तर 'आर'च सापडतो, कारण तिसऱ्या-चौथ्या स्टॅम्परची वेळच आली नाही. तेव्हा "१ आणि जी, अगदी पहिली छपाई" असं सांगून कुणी भाव चढवत असेल तर तो बहुतेक सगळ्याच प्रतींचा गुण विकतो आहे. या अक्षरांचा खरा उपयोग वेगळा: रेकॉर्ड किती थोडी निघाली असेल याचा अंदाज ती देतात.

यानंतर लेबल. कोलंबियाच्या एलपींचं साठच्या दशकाच्या सुरुवातीचं लेबल हिरवं, सोनेरी अक्षरांचं. १९६३ च्या सुमारास निळं-काळं, चंदेरी अक्षरांचं आलं. साठच्या दशकाच्या मध्यापासून १९६९ पर्यंत लेबलावर 'सोल्ड इन यू.के. सब्जेक्ट टू रिसेल प्राइस कंडिशन्स' अशी ओळ दिसते; नंतर ती गेली आणि चौकटीतलं ईएमआयचं चिन्ह आलं. १९६५ च्या एलपीवर चौकटीतलं चिन्ह दिसलं तर ती नंतरची छपाई. नंबरांचंही असंच. 'अंडर मिल्क वुड'चा मोनो नंबर ३३एसएक्स १७७४ आणि स्टिरिओचा एससीएक्स ३५८९, म्हणजे दोघांचा एकमेकांशी मेळ नाही. १९६६ पासून मोनो-स्टिरिओला एकच आकडा मिळू लागला: 'डस्क फायर' मोनोत एसएक्स ६०६४, स्टिरिओत एससीएक्स ६०६४. यादी करताना फक्त आकडा लिहून अक्षरं गाळली की पुढे हमखास घोळ होतो.

मुंबईच्या चोरबाजारात किंवा जुन्या घराच्या आवराआवरीत कोलंबियाचं हेच लेबल दिसतं, पण कडेला 'मेड इन इंडिया' किंवा 'डमडम' असतं. हेजहून आलेल्या धातूच्या साच्यांवरून ग्रामोफोन कंपनी कलकत्त्याजवळच्या डमडमला छपाई करायची, त्यामुळे कोऱ्या पट्टीतला मॅट्रिक्स ब्रिटिश प्रतीशी जुळू शकतो. संग्राहकांच्या भाषेत ती ब्रिटिश प्रत नव्हे, भावही तो नव्हे. ऐकायला मात्र ती चांगली असू शकते, तेव्हा नाक मुरडू नका.

नकली प्रती ओळखायला फार हुशारी लागत नाही. ईएमआयचे आकडे यंत्राने ठोकलेले, सरळ आणि सारख्या उंचीचे असतात. नकलेत ते हाताने कोरलेले, वाकडे येतात. साठच्या दशकातली एलपी साधारण १३० ते १६० ग्रॅमची; स्वयंपाकघरातल्या काट्यावर १८० भरली तर ती आजची आहे. कव्हर हा तिसरा साक्षीदार. तेव्हाच्या ब्रिटिश कव्हराला पुढून चकचकीत प्लास्टिकचा पातळ पापुद्रा आणि मागे कडा दुमडून वरून चिकटवलेल्या असायच्या. १९७० च्या आसपास ही पद्धत मागे पडली. नकलेत या दुमडलेल्या कडा नुसत्या छापलेल्या असतात: नख फिरवलं की कळतं. फोटोही मूळ कव्हरावरून स्कॅन केलेला असल्याने भिंगाखाली ठिपके एकमेकांत मिसळलेले दिसतात. अधिकृत नवी छपाई ही वेगळी गोष्ट, तिच्यावर साल लिहिलेलं असतं आणि ती स्वस्तात मिळणारी उत्तम सोय आहे. रेन्डेल-कार पंचकाच्या पाचही एलपींचा संच २०१८ साली जॅझमन लेबलने काढला. ज्याला ऐकायचंच आहे त्याने आधी तो घ्यावा.

'व्हेरी गुड' म्हणजे फार काही बरी नव्हे

ब्रिटनमध्ये प्रतवारी 'मिंट, एक्सलंट, व्हेरी गुड, गुड' अशी उतरते. अमेरिकेत 'निअर मिंट'खाली 'व्हेरी गुड प्लस' येतो, आणि ब्रिटिश 'एक्सलंट' साधारण त्याच्याशी जुळतो. दोन्हीकडे 'व्हेरी गुड' म्हणजे खरखर ऐकू येणारी, पण चालून जाईल अशी प्रत. 'गुड' म्हणजे दुसरी मिळेपर्यंत ठेवायची.

खरी गोम अशी की डोळ्यांना दिसणारा ओरखडा कधी वाजतच नाही, आणि आरशासारखी दिसणारी तबकडी वाजवली की सॅक्सोफोन फाटतो. कारण साठच्या दशकातले घरगुती ऑटोचेंजर, म्हणजे एकामागून एक रेकॉर्डी आपोआप वाजवणारे प्लेअर. त्यांची सुई खाचेवर पाच ते आठ ग्रॅम वजन टाकायची, आजच्या सुईच्या तीन-चार पट. झिजलेली हिऱ्याची किंवा नीलमची सुई खाचेच्या भिंती घासून काढायची. ही झीज ओरखड्यासारखी दिसत नाही. तिरक्या उजेडात फार तर खाचांवर करडी झाक दिसते.

म्हणून विकत घेण्याआधी वाजवून घ्यावी, आणि वाजवायची तर बाजूचं शेवटचं गाणं. लेबलाकडे जाताना तबकडीचा घेर लहान होतो, तोच आवाज कमी लांबीत दाटीवाटीने बसतो, झीज तिथे आधी उघडी पडते. पियानोचा जोरदार झंकार, ट्रम्पेटचे उंच सूर आणि गाणाऱ्या बाईचा 'स' ही तीन ठिकाणं कान देऊन ऐकावीत. दूरच्या विक्रेत्याकडे या शेवटच्या दोन मिनिटांचं ध्वनिमुद्रण मागावं. देत नसेल तर भाव 'व्हेरी गुड'चा द्यावा.

धुणं

मिश्रण साधं आहे: १ लिटर डिस्टिल्ड पाणी आणि नॉन-आयोनिक द्रवाचे चार-पाच थेंब. फोटोच्या डार्करूममध्ये फिल्म धुताना वापरतात ते वेटिंग एजंट चालतं. नळाचं पाणी नको, त्यातले क्षार खाचेत वाळून बसतात. भांड्यांचा साबण नको, त्यातला सुगंध आणि रंग मागे राहतो. लेबल झाका. मऊ ब्रश खाचांच्या दिशेने तीन फेऱ्या सुलट, तीन उलट फिरवा. मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने दोनदा विसळा. हे विसळणंच लोक टाळतात, आणि दोन गाण्यांनंतर सुईवर करडा गोळा जमतो तो त्या उरलेल्या द्रवाचा. मायक्रोफायबरने टिपून अर्धा तास उभी वाळवा. जुन्या कागदी पिशवीत परत घालू नका, मळ तिच्यातच असतो. ती पिशवी टाकूनही देऊ नका. ईएमआयच्या मूळ पिशवीवर एमिटेक्स या पुसायच्या कापडाची जाहिरात असते, आणि ती जागेवर असली की प्रतीचा भाव वाढतो. रिकामीच कव्हरात ठेवा, तबकडीला पॉलिथिनची नवी द्या. मऊ, वास येणाऱ्या पीव्हीसीच्या पिशव्या मात्र वाईट: त्यातलं रसायन पाझरून विनाइलवर धुक्यासारखा डाग उमटतो, तो धुऊन जात नाही आणि सतत फुसफुसत राहतो.

विनाइलवर चिकट मळ असेल तर वरच्या मिश्रणात एक-पंचमांश आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं. पण ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीजवळ ती बाटली आणायचीसुद्धा नाही. ती तबकडी लाखेची. पळस, बोर, कुसुम यांच्या फांद्यांवरच्या किड्याची हीच ती लाख. ती कलकत्त्याहून जहाजाने जायची आणि ब्रिटिश रेकॉर्ड कंपन्या दगडाची पूड आणि काजळी मिसळून तिची तबकडी करायच्या. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. सुतार पॉलिश करतो ते याच गुणावर. बोळा फिरवलात की खाचाच पुसल्या जातील. त्यातून ब्रिटिश कोलंबियाच्या १९२० आणि १९३० च्या दशकांतल्या बऱ्याच तबकड्या थरांच्या आहेत, वरून गुळगुळीत लाख आणि आत कागदाच्या थरांत बसवलेला जाडाभरडा गाभा. कडेच्या भेगेतून पाणी आत गेलं की गाभा फुगतो. अशी तबकडी फक्त ओलसर कापडाने टिपायची, बुडवायची नाही.

आणखी एक प्रकार कधीमधी हाती येतो: अॅल्युमिनियमवर लॅकरचा थर दिलेली एकुलती एक चकती, क्लबातलं किंवा रेडिओवरचं वादन थेट उतरवलेली. पांढरट पावडर दिसली तर लॅकरमधलं एरंडेल विघटित होऊन वर आलं आहे असं समजा. पुढचा टप्पा म्हणजे थर सुकून पापुद्रे सुटणं. तिला पुन्हा पुन्हा वाजवून पाहू नका. एकदाच, पूर्ण तयारीनिशी, उतरवून घेताना वाजवा.

कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात बुरशी अटळ. ती घराबाहेर, तोंडाला मास्क लावून कोरड्या ब्रशने झटकावी, मगच धुवावी. रेकॉर्डी उभ्या ठेवाव्यात, तिरप्या टेकवू नयेत, आणि बाहेरच्या भिंतीला लागून तर नाहीच.

वाजवणं आणि उतरवणं

मोनो एलपी स्टिरिओ सुईने वाजते, बिघडत नाही. फक्त अॅम्प्लिफायरचं मोनो बटण दाबा. मोनोचा आवाज खाचेच्या आडव्या हालचालीत असतो. दोन्ही चॅनेल एकत्र केले की उभ्या हालचालीतली, म्हणजे धूळ आणि टवक्यांची खरखर बरीचशी आपोआप कटते. १९५० च्या दशकातल्या मोनो एलपीला २५ मायक्रॉनची सुई योग्य. झिजलेल्या प्रतीवर उलटा प्रयोग करून पाहावा: बारीक, लंबगोल टोकाची सुई खाचेत खोल उतरते आणि जुन्या सुईने न घासलेल्या भागावर टेकते. फाटका वाटणारा सॅक्सोफोन कधीकधी एवढ्यानेच भरून येतो.

७८ ला एलपीची सुई लावली तर ती रुंद खाचेच्या तळाशी लडबडत राहते आणि नुसता कचरा वाजवते. इथे साधारण ७० मायक्रॉनची सुई आणि ३ ते ५ ग्रॅम वजन हवं. वेगाचीही गंमत आहे. ब्रिटनची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे वेग तपासायच्या स्ट्रोबच्या चकतीवर ७७ रेघा आणि वेग ७७.९२. अमेरिकेत ६० हर्ट्झ, ९२ रेघा, ७८.२६. फरक नगण्य, पण १९२५ च्या आधीच्या भोंग्यातून मुद्रित झालेल्या कोलंबियाच्या लंडनच्या तबकड्या ८० वर वाजवायच्या असतात, तो फरक कानाला कळतो: ७८ वर सूर जवळपास पाव स्वराने उतरतो आणि बँड दमल्यासारखा वाटतो.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या इक्वलायझेशनमध्ये. खाचा कोरताना खर्ज कमी करतात आणि तीव्र सूर वाढवतात. वाजवताना उलट करतात. १९५० च्या दशकाच्या मध्यापासून यासाठी 'आरआयएए' हा एकच हिशेब ठरला, आणि आजचा प्रत्येक फोनो प्रीअॅम्प (सुईकडून येणारा क्षीण आवाज वाढवणारी पेटी) तोच लावतो. तो १० किलोहर्ट्झला आवाज जवळजवळ १४ डेसिबलने खाली आणतो. पण ईएमआयच्या १९३०-४० च्या दशकांतल्या ७८ मध्ये तीव्र सूर मुळात वाढवलेलेच नव्हते. वरून आरआयएए लावलं की झांजा आणि क्लॅरिनेटची धार नाहीशी होते, आणि ऐकणारा म्हणतो "जुनं रेकॉर्डिंग, आवाज दबलेलाच असणार." दबलेला नसतो, आपण दाबलेला असतो. संगणकावर उतरवून घेतल्यावर सॉफ्टवेअरमध्ये आरआयएए काढून २५० हर्ट्झच्या खालचा खर्ज तेवढा सावरणारा जुना हिशेब लावता येतो. डेक्काच्या 'एफएफआरआर' असं छापलेल्या तबकड्यांना थोडे तीव्र सूर वाढवलेले असतात, तिथे किंचित कमी करावे लागतात.

उतरवताना २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, आणि सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या पुढे जाऊ द्यायचा नाही. टवक्याचा एक 'टक्' संगीतापेक्षा उंच उडी मारतो, त्याला जागा ठेवावी लागते. मोनो असली तरी दोन्ही चॅनेल उतरवा. खाचेच्या दोन भिंती सारख्या झिजलेल्या नसतात, नंतर बरी बाजू निवडता येते. एका मिनिटाला सुमारे ३५ एमबी लागतात, २० मिनिटांची बाजू ७०० एमबीच्या आत बसते, आवाज न गमावता लहान होणाऱ्या फ्लॅक फाइलीत साधारण निम्मी. ही मूळ फाइल, कसलीही सफाई न करता, तशीच बाजूला ठेवायची. सफाई तिच्या प्रतीवर. आणि सफाई म्हणजे एकेक 'टक्' हाताने काढणं. खरखर घालवणारं बटण एकदाच दाबून मोकळं होणाऱ्यांच्या फाइलीत ड्रम्सवरचे ब्रश गायब असतात, कारण यंत्राला खरखर आणि ब्रश यांतला फरक कळत नाही.

कुणाला, काय आणि कधी देता येतं

ब्रिटनमध्ये ध्वनिमुद्रणाचा हक्क आधी ५० वर्षांचा होता. १ नोव्हेंबर २०१३ पासून तो ७० झाला, पण ज्यांचा हक्क त्याआधीच संपला होता त्यांना तो परत मिळाला नाही. त्यामुळे एक स्पष्ट रेघ पडली: ३१ डिसेंबर १९६२ पर्यंत निघालेली ध्वनिमुद्रणं तिथे मुक्त, १९६३ ची २०३३ च्या अखेरीपर्यंत बंद. टेम्पोचा सगळा सुवर्णकाळ रेघेच्या अलीकडे, लॅन्सडाउनच्या मालिकेतला बराच मोठा भाग पलीकडे. भारतात ध्वनिमुद्रणाला ६० वर्षं आहेत, प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून मोजायची. १९६९ ची 'हम दोनो' ब्रिटनमध्ये २०३९ च्या अखेरीपर्यंत आणि आपल्याकडे २०२९ च्या अखेरीपर्यंत हक्कात आहे. अमेरिकेचे नियम याहून कडक. तेव्हा "ब्रिटनमध्ये मुक्त आहे" म्हणून जगभर खुली करणं बरोबर नाही.

शिवाय ध्वनिमुद्रण वेगळं आणि रचना वेगळी. रचनेचा हक्क ब्रिटनमध्ये रचनाकाराच्या मृत्यूनंतर ७० वर्षं, भारतात ६०. टबी हेज १९७३ ला गेला, त्याच्या स्वतःच्या रचना ब्रिटनमध्ये २०४३ पर्यंत हक्कात. डिसिल्वा १९९६ ला गेले, त्यांच्या २०६६ पर्यंत. कव्हरावरचा फोटो आणि मागचा मजकूर यांचे हक्क आणखी वेगळे. 'आता कुठे मिळत नाही' हे कारण कायद्यात बसत नाही, मनाला कितीही पटलं तरी.

मग वाटायचं काय? घरी मित्रांना बोलावून ऱ्हिदम क्लबसारखी बैठक करता येते. सार्वजनिक सभागृह घेतलं तर वाजवण्याचा परवाना लागतो. मूळ तबकडी विकता येते, देता येते, उसनीही देता येते. पाठवताना तबकडी कव्हरातून बाहेर काढून, पिशवीसकट कव्हराच्या मागे ठेवावी, नाही तर प्रवासात ती आतून आपटत कव्हराची शिवण फाडते. दोन्ही बाजूंना तबकडीपेक्षा मोठे जाड पुठ्ठे, त्यांचे उभे-आडवे पदर एकमेकांना काटकोनात. ७८ असेल तर खोक्यात खोकं आणि मध्ये चारी बाजूंनी निदान ५ सेंटिमीटर भरण, कारण ती वाकत नाही, थेट फुटते.

आणि ज्यावर कुणाचाच हक्क नाही अशी एक गोष्ट प्रत्येक मालकाकडे असते: कोऱ्या पट्टीतले आकडे. थोड्या प्रतींच्या ब्रिटिश जॅझ एलपींची स्टॅम्परवार नोंद अजून तुटपुंजी आहे, कारण मालक कव्हराचा फोटो टाकतात आणि थांबतात. त्याऐवजी दोन्ही बाजूंचं एवढं लिहावं: लेबल आणि अक्षरांसकट नंबर, सहाच्या जागचा पूर्ण मॅट्रिक्स, नऊच्या जागचा आकडा, तीनच्या जागचं अक्षर, लेबलावरच्या कडेची ओळ शब्दशः, कव्हर छापणाऱ्याचं नाव, आणि तबकडीचं वजन ग्रॅममध्ये.